मारबतीची गर्दी आणि न दिसणाऱ्या प्रती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महालाच्या अरुंद रस्त्यांवरून पुढे सरकत असतात, त्यांच्या आगेमागे त्या वर्षीच्या प्रश्नांवर बोट ठेवणारे बडगे हे पुतळे असतात आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरून परत ऐकू येते. ही मिरवणूक खेळाच्या रूपाने मोबाइलवर आणावी, असे आम्हा चौघांच्या मनात गेली तीन वर्षे आहे आणि त्यासाठी आम्ही सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःचे एक लहानसे गेम इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम, लिहीत आलो आहोत. या खेळाचा प्राण म्हणजे गर्दी. मारबत पडद्यावर कितीही सुरेख उभी केली, तरी तिच्याभोवती खांद्याला खांदा लावून चालणारी माणसे नसतील तर नागपूरचा माणूस तिला मारबत म्हणणार नाही. पडद्यावर एका वेळी सहा हजार माणसे हवीत, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवले होते.

मागच्या मे महिन्यात ती सहा हजार माणसे प्रथमच एकत्र चालू लागली. धरमपेठेतील आमच्या खोलीत कूलर दिवसभर चालू असूनही चाचणीचा फोन थोड्याच वेळात हाताला चटका देऊ लागे आणि तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेई. पहिला संशय साहजिकच चित्रणावर, म्हणजे रंग-प्रकाश ठरवणाऱ्या शेडरवर आणि त्रिकोणांच्या संख्येवर गेला. त्यात आमचे दोन आठवडे गेले. शेवटी प्रोफाइलर, म्हणजे कोणत्या ओळीत किती वेळ जातो हे मोजणारे साधन, लावून पाहिले, तेव्हा दिसले की वेळेचा मोठा भाग मेमरी मागण्यात, ती परत करण्यात आणि एका जागचे बाइट दुसऱ्या जागी नेण्यात जात होता. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमसाठी साधारण १६.६ मिलिसेकंद मिळतात. माणसांनी कोणत्या दिशेने चालावे हे ठरवण्याचे खरे गणित त्यातला अगदी थोडा भाग घेत होते. उरलेला वेळ आम्ही एकच माहिती पुन्हा पुन्हा उतरवून काढण्यात घालवत होतो.

आमच्यातील सर्वांत तरुण सहकारी भंडाऱ्याचा आहे. प्रोफाइलरने दाखवलेली ओळ तो बराच वेळ न्याहाळत राहिला आणि म्हणाला, ‘‘दादा, ह्या ओळीत कॉपी कुठंच दिसून नाही राहिली, मंग ते काहून होऊन राहिलं?’’ त्याचा प्रश्न मला अजूनही या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. प्रत काढणे हा दोष नाही. प्रत निघते आहे हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दिसत नाही, हा दोष आहे.

सी प्लस प्लसमध्ये बरोबरचे चिन्ह पूर्णांकासाठी लिहिले तर चार बाइट हलतात आणि सहा हजार नोंदींच्या यादीसाठी लिहिले तर सगळी यादी नव्या जागी उतरवली जाते. डोळ्यांना दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. तीच गोष्ट फंक्शनला यादी देताना होते, फंक्शनमधून यादी परत घेताना होते, यादीवर फिरताना होते आणि लॅम्डाने, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनने, बाहेरची यादी आत घेतली की तेव्हाही होते. भाषेने मूल्य हाच मूळ अर्थ मानला असल्याने प्रत न सांगता निघते आणि ती टाळायची असेल तर ते आपण आवर्जून सांगावे लागते. सर्वसाधारण प्रोग्रामसाठी हा क्रम सुरक्षित आहे. गेम इंजिनच्या कंटेनरसाठी, म्हणजे यादीसारख्या माहिती साठवणाऱ्या रचनांसाठी, तो उलटा असावा, या मतावर मी त्या उन्हाळ्यानंतर आलो.

प्रोफाइलरने दाखवलेली ती ओळ अशी होती. माणसे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आम्ही रस्त्यावर एक जाळी कल्पिली आहे. जाळीच्या प्रत्येक खणात त्या क्षणी तिथे असलेल्या माणसांच्या क्रमांकांची यादी असते आणि प्रत्येक माणूस स्वतःचा खण व भोवतीचे आठ खण पाहून पुढचे पाऊल ठरवतो. खणातील यादी देणारे फंक्शन आम्ही ती मूल्य म्हणून परत देत होतो. सहा हजार माणसे आणि प्रत्येकी नऊ खण म्हणजे एका फ्रेममध्ये ५४,००० याद्यांच्या प्रती. रिकामे खण सोडले तर बाकी प्रत्येक प्रतीसाठी हीपवर, म्हणजे चालू प्रोग्रामला मागून मिळणाऱ्या मेमरीत, जागा मागायची, चार-पाच आकडे उतरवायचे, ते वाचायचे आणि लगेच जागा परत करायची. दुरुस्ती म्हटली तर दोन शब्दांची होती: परतीचा प्रकार कॉन्स्ट रेफरन्स करणे, म्हणजे प्रतीऐवजी मूळ यादीच फक्त वाचण्यापुरती दाखवणे. तेवढ्याने फोनचा ताप निम्मा उतरला असे म्हणता येईल, कारण त्यानंतर तो निदान हातात धरता येऊ लागला.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण तो न समजल्यामुळे पुष्कळ लोक भलत्याच ठिकाणी भीती बाळगतात. फंक्शनच्या आत तयार केलेली स्थानिक यादी मूल्य म्हणून परत दिली, तर बहुतेक वेळा प्रत निघतच नाही; कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ती थेट बोलावणाऱ्याच्या जागेत बांधतो आणि ते जमले नाही तर सी प्लस प्लस ११ पासून ती निदान मूव्ह होते, म्हणजे आतला पॉइंटर (मेमरीतील पत्ता) तेवढा हस्तांतरित होतो. अशा ठिकाणी परतीच्या ओळीत स्वतःहून मूव्ह लिहिणे उलट नुकसानीचे असते, कारण जागेवरच बांधण्याची कंपायलरची सवलत त्यामुळे बंद होते. परंतु यादी स्थानिक नसून ऑब्जेक्टची सदस्य असेल, तर ती ऑब्जेक्टकडेही राहायला हवी आणि बोलावणाऱ्यालाही हवी, म्हणून पूर्ण प्रत अटळ ठरते. दोन्ही फंक्शनांची घोषणा अक्षरशः सारखी दिसते. फरक फंक्शनच्या शरीरात, म्हणजे आतल्या कोडमध्ये, आहे आणि शरीर दुसऱ्या फाइलमध्ये आहे.

पहिले यश मिळाल्यावर मी एक चूक केली, ती सविस्तर लिहितो. आमच्या कोडमध्ये अशी ठिकाणे किती असतील या धास्तीने मी सगळे कंटेनरच कॉपी-ऑन-राइट पद्धतीचे करून टाकले. एकच सातबारा दोघांच्या हाती असावा आणि ज्याला त्यावर पेन चालवायचे आहे त्याने आधी झेरॉक्स काढावी, तशी ही पद्धत आहे. अ‍ॅरेची ‘प्रत’ म्हणजे त्याच मेमरीकडे जाणारा आणखी एक पॉइंटर आणि वाटेकऱ्यांची संख्या एकाने वाढवणे; खरी प्रत कोणी लिहायला गेला आणि वाटेकरी एकाहून अधिक असले तरच निघते. ही काही आडवाटेची कल्पना नाही. क्यूट या लायब्ररीचे कंटेनर याच तत्त्वावर उभे आहेत, गोडो या गेम इंजिनचा व्हेक्टर, म्हणजे यादी, याच पद्धतीचा आहे आणि जीसीसी कंपायलरसोबत येणारी स्ट्रिंगही (मजकूर साठवणारा क्लास) २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत अशीच होती. सी प्लस प्लस ११ च्या नियमांत ती बसेना म्हणून तिला बदलावे लागले.

या पद्धतीचा खड्डा चौकोनी कंसात आहे. यादी कॉन्स्ट नसेल आणि तुम्ही तिचा पाचवा घटक मागितला, तर तुम्ही तो वाचणार आहात की बदलणार आहात हे कंटेनरला कळत नाही. त्याला वाईटच गृहीत धरावे लागते आणि वाटेकरी असतील तर तो संपूर्ण यादीची प्रत काढून मोकळा होतो. म्हणजे नुसत्या वाचनानेही सहा हजार नोंदी उतरवल्या जाऊ शकतात. यादीवर फिरणाऱ्या नव्या धाटणीच्या फॉर लूपनेही हेच होते, कारण तो लूप सुरुवातीचा आणि शेवटचा इटरेटर (यादीतील जागेची खूण) मागतो आणि कॉन्स्ट नसलेल्या यादीचा इटरेटर म्हणजे लिहिण्याची शक्यता. क्यूटने यासाठी ५.७ या आवृत्तीत यादीला तात्पुरते कॉन्स्ट म्हणवणारे एक छोटे फंक्शन दिले आणि सी प्लस प्लस १७ मध्ये तसेच फंक्शन प्रमाण लायब्ररीत आले. गोडोने अधिक ठाम उपाय केला: त्यांच्या व्हेक्टरचा चौकोनी कंस केवळ वाचनासाठी आहे आणि लिहायचे असेल तर ‘राइट’ हा शब्द मध्ये घालावा लागतो किंवा लिहिण्याचा पॉइंटर वेगळ्या नावाने मागावा लागतो. मला हा उपाय मनापासून आवडतो. तो वेगवान आहे म्हणून नव्हे, तर वाचणाऱ्याला तो शब्द दिसतो म्हणून. त्याच इंजिनात वाटेकरी न ठेवणारा लोकल-व्हेक्टर नावाचा साधा कंटेनरही आहे आणि जिथे वाटणी नकोच आहे तिथे तो वापरता येतो.

आमच्याकडे मात्र तसा शब्द नव्हता आणि परिणाम असा झाला. चित्रण करणारा थ्रेड (समांतर चालणारे काम) प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला गर्दीच्या अ‍ॅरेची एक स्वस्त ‘प्रत’ घेई, म्हणजे वाटेकरी दोन होत. लगेच दुसऱ्या थ्रेडवर पहिल्या माणसाची जागा बदलली जाई आणि त्या एका लेखनाने पूर्ण अ‍ॅरे नव्याने उतरवला जाई. एका माणसाची नोंद ९६ बाइटची, म्हणजे सहा हजारांची ५,७६,००० बाइट. सेकंदाला ६० वेळा म्हणजे ३,४५,६०,००० बाइट. आकडा मोबाइलच्या मेमरीसाठी प्रचंड नाही, पण त्यासोबत दर फ्रेमला अर्ध्या मेगाबाइटचा नवा तुकडा मागणे आणि जुना परत करणे आले, आणि ते नवे बाइट कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत, शिरताना आधीचे कामाचे बाइट बाहेर ढकलले जाणे आले. शिवाय ज्या ओळीवर हा सगळा भार पडे ती ओळ होती ‘पहिल्या माणसाची जागा अमुक’, जिच्यात कोणत्याही परीक्षकाला काही वावगे दिसले नसते.

खणांच्या याद्यांमध्येही कॉपी-ऑन-राइटने नवा खर्च आणला. जिथे रेफरन्स द्यायचा राहिला होता तिथे आता प्रत निघत नव्हती हे खरे, पण वाटेकऱ्यांची संख्या वाढवणे आणि कमी करणे ही अनेक थ्रेडांमध्ये सुरक्षित राहावी म्हणून अ‍ॅटॉमिक क्रिया, म्हणजे मध्येच तोडता न येणारे काम, असते. आम्ही गर्दीचे काम चार थ्रेडांत वाटले होते. शेजारच्या खणांकडे पाहणारे प्रोसेसरचे दोन कोअर एकाच गणकाला हात लावू लागले की तो ज्या कॅश लाइनमध्ये आहे ती ६४ बाइटची ओळ एका कोअरकडून दुसऱ्याकडे ये-जा करत राहते आणि दोघेही तिची वाट पाहतात. ज्यांनी फक्त वाचायचे होते, तेही असे लिहिण्याच्या रांगेत उभे राहिले.

त्यानंतर मी कॉपी-ऑन-राइट काढून टाकले आणि जे आरंभीच करायला हवे होते ते केले. आमच्या अ‍ॅरे, हॅशमॅप आणि यादी या तिन्ही क्लासांचा कॉपी कन्स्ट्रक्टर व कॉपी असाइनमेंट डिलीट म्हणून घोषित केले, म्हणजे न सांगता प्रत काढण्याची सोयच बंद केली, माणसाच्या नोंदीचेही तसेच केले आणि ज्याला खरोखर प्रत हवी आहे त्याच्यासाठी ‘क्लोन’ नावाचे एक फंक्शन ठेवले. रस्ट भाषेत कंटेनरांसाठी हीच रीत मुळापासून आहे: बरोबरचे चिन्ह त्यांची मालकी हलवते आणि प्रतीसाठी क्लोन लिहावेच लागते. सी प्लस प्लसमध्ये ती शिस्त आपल्याला क्लासनिहाय आणावी लागते, पण आणता येते.

मग कंपायलर चालवला. चुकांची यादी पडद्यावर मावेना. दोन संध्याकाळी आम्ही चौघेही ती वाचत बसलो आणि मी प्रामाणिकपणे सांगतो की आमच्याच कोडबद्दल इतके ज्ञान मला कोणत्याही प्रोफाइलरने दिले नव्हते. प्रत्येक चूक म्हणजे एक न दिसणारी प्रत. बहुतांश ठिकाणी फॉर लूपमध्ये ‘ऑटो’नंतर रेफरन्सचे चिन्ह राहून गेले होते, ऑटो आपणहून रेफरन्स गृहीत धरत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत नोंद उतरवली जाते. काही ठिकाणी फंक्शन यादी फक्त मोजण्यासाठी घेत होते आणि तरीही मूल्य म्हणून घेत होते. एक चूक मात्र अशी निघाली, की जिच्यात रेफरन्सचे चिन्ह डोळ्यांसमोर होते. प्रमाण लायब्ररीच्या मॅपवर फिरताना आम्ही जोडीचा प्रकार पूर्ण लिहिला होता: स्ट्रिंग आणि अ‍ॅनिमेशन, तिचा कॉन्स्ट रेफरन्स. पण मॅपच्या आतल्या जोडीत किल्ली कॉन्स्ट असते, म्हणजे प्रकार किंचित वेगळा असतो. कंपायलर मग निमूटपणे आपल्या प्रकाराची तात्पुरती जोडी बनवतो, तिच्यात किल्ली आणि संपूर्ण अ‍ॅनिमेशन उतरवतो आणि आपल्याला त्या तात्पुरत्या जोडीचा रेफरन्स देतो. ही चूक मी पंधरा वर्षांच्या अनुभवानंतरही नुसते वाचून पकडली नसती.

एका ठिकाणी मात्र भाषेच्या लायब्ररीनेच वाट अडवली. कामे थ्रेडांना वाटून देण्यासाठी आम्ही लॅम्डा प्रमाण फंक्शन-क्लासमध्ये ठेवत होतो आणि त्या क्लासची अट अशी आहे की आत ठेवलेली वस्तू कॉपी करता आली पाहिजे, मग तुम्ही ती कधी कॉपी करा अथवा न करा. मूव्ह होणारा पण कॉपी न होणारा अ‍ॅरे पोटात घेतलेला लॅम्डा त्यात बसेना. सी प्लस प्लस २३ मध्ये केवळ मूव्ह होणाऱ्या फंक्शनांसाठी वेगळा क्लास आला आहे. आमच्या कंपायलरकडे तो नव्हता, म्हणून शंभरेक ओळींचा स्वतःचा लिहिला.

मूव्हबद्दल दोन गोष्टी इथेच सांगतो. पहिली कॉन्स्टची: कॉन्स्ट वस्तूवर मूव्ह लिहिले तर काहीही तक्रार न होता प्रत निघते, कारण कॉन्स्ट वस्तूच्या पोटातून पॉइंटर काढून घेता येत नाही आणि कॉपी कन्स्ट्रक्टर तिथे चपखल बसतो. अनरियल इंजिनने यासाठी मूव्हटेम्प नावाचे स्वतःचे फंक्शन ठेवले आहे, जे कॉन्स्ट वस्तू दिली की कंपायलर चालतानाच नकार देते. आम्ही ती कल्पना उचलली. दुसरी गोष्ट नोएक्सेप्टची, म्हणजे ‘इथे एक्सेप्शन (चालू असताना उद्भवणारी चूक) उठणार नाही’ या ग्वाहीची. प्रमाण व्हेक्टरची जागा संपली की तो मोठा तुकडा घेऊन जुने घटक त्यात नेतो. हे नेताना मध्येच एक्सेप्शन उठले तर जुनी यादी शाबूत राहावी अशी त्याची हमी आहे, म्हणून घटकाच्या मूव्ह कन्स्ट्रक्टरवर नोएक्सेप्ट लिहिलेले नसेल आणि घटक कॉपी करता येत असेल, तर तो मूव्ह सोडून कॉपी करतो. आमच्या बडग्यांच्या क्लासला मूव्ह कन्स्ट्रक्टर होता, नीट लिहिलेला होता, आणि एका शब्दाअभावी तो कधीच वापरला जात नव्हता.

वाढीचा हिशेब प्रत्येकाने एकदा हाताने करून पाहावा. क्षमता एकापासून दुप्पट होत गेली तर सहा हजार माणसे भरेपर्यंत ती १ वरून ८,१९२ पर्यंत जाते, म्हणजे १३ वेळा स्थलांतर होते आणि एकूण ८,१९१ नोंदी हलवल्या जातात. भरायच्या नोंदींपेक्षा हलवलेल्या जास्त. जीसीसी आणि क्लँगच्या लायब्ररी दुप्पट करतात, मायक्रोसॉफ्टची दीडपट करते, त्यामुळे तिथे स्थलांतरे आणखी वाढतात. माणसे किती येणार हे मिरवणूक सुरू होण्याआधीच ठाऊक असेल तर रिझर्व्हची, म्हणजे तेवढी जागा आधीच राखून ठेवण्याची, एक ओळ हे सगळे वाचवते. खणांच्या याद्यांसाठी आम्ही दुसरा मार्ग घेतला. एका खणात सहसा मोजकीच माणसे असतात, म्हणून १५ क्रमांक आणि त्यांची संख्या, प्रत्येकी चार बाइट, असे ६४ बाइट यादीने स्वतःच्या पोटातच ठेवले. बरोबर एक कॅश लाइन. सोळावा माणूस आला तरच हीपकडे जायचे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००७ मध्ये आपल्या गेम-कंटेनरांचे जे विस्तृत निवेदन सी प्लस प्लसच्या समितीपुढे ठेवले, त्यात अशा ठरावीक जागेच्या कंटेनरांना महत्त्वाचे स्थान होते. मूव्ह भाषेत येण्यापूर्वीचा तो काळ होता.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. लहान स्ट्रिंग हीपवर न जाता ऑब्जेक्टच्या पोटातच राहते हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ‘लहान’ म्हणजे किती हे इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने लक्षात राहिलेले असते. जीसीसीच्या लायब्ररीत ती मर्यादा १५ बाइट आहे आणि अँड्रॉइडच्या साधनांसोबत येणाऱ्या लायब्ररीत, ६४ बिटच्या फोनवर, २२ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘मारबत’ १५ बाइटमध्ये नेमकी बसते. ‘बडग्या’ला १८ लागतात. ‘काळी मारबत’ २८ बाइटची होते आणि दोन्हीकडे हीपवर जाते. आमच्या फलकांवरचा मजकूर तर याहून कितीतरी लांब आहे. त्यामुळे इंग्रजीत चाचणी करताना फुकट वाटणारी स्ट्रिंगची प्रत मराठीत प्रत्येक वेळी मेमरी मागते. आम्ही मजकूर एकाच तक्त्यात ठेवून माणसाच्या नोंदीत फक्त त्याचा चार बाइटचा क्रमांक ठेवला. नोंदीत स्ट्रिंग उरली नाही, म्हणून ती निव्वळ बाइट म्हणून हलवता येऊ लागली.

प्रती टाळण्याचीही किंमत असते आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. यादी मूल्य म्हणून घेण्याऐवजी आम्ही आता बहुतेक फंक्शनांना स्पॅन देतो, म्हणजे सुरुवातीचा पॉइंटर आणि लांबी; मालकी नाही. स्पॅन सी प्लस प्लस २० मध्ये प्रमाण झाला आहे. पण ज्याची मालकी नाही ते आपल्या हाताखालून नाहीसे होऊ शकते. जूनमध्ये एका बडग्याचा रेफरन्स हाती असताना त्याच यादीत नवा बडग्या भरला गेला, यादीने स्थलांतर केले आणि हातातला रेफरन्स सोडलेल्या जागेकडे पाहत राहिला. खेळ कधी चाले, कधी कोसळे. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीतील चुका शोधणाऱ्या साधनाने ती जागा दाखवली. पूर्वीची निरर्थक प्रत आम्हाला या संकटापासून नकळत वाचवत होती. त्यानंतर एका फ्रेमपेक्षा जास्त काळ धरून ठेवायच्या कोणत्याही गोष्टीचा पॉइंटर ठेवायचा नाही, तिचा क्रमांक आणि पिढी (ती जागा कितव्यांदा वापरली जात आहे तो आकडा) ठेवायची, असे ठरले. जागा दुसऱ्याला दिली गेली असेल तर पिढी जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. स्वतःचे कंटेनर लिहिणाऱ्यांनी याच जातीची आणखी एक कसोटी अवश्य घ्यावी: यादीचा पहिला घटक त्याच यादीच्या शेवटी जोडून पाहावा. जागा संपलेली असताना जुना तुकडा आधी सोडला आणि घटक नंतर वाचला, तर कचरा जोडला जातो. प्रमाण व्हेक्टर हे योग्य रीतीने हाताळतो. आमचा हाताळत नव्हता.

आणि प्रत्येक प्रतीशी भांडण करू नये. तीन मितींतील जागा १२ बाइटची असते. तिचा रेफरन्स देणे म्हणजे आठ बाइटचा पत्ता देऊन समोरच्याला मेमरीकडे पाठवणे, त्यापेक्षा ती मूल्य म्हणून दिली की सरळ प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये जाऊ शकते. आमच्या तरुण सहकाऱ्याने उत्साहात अशा सगळ्या ठिकाणी रेफरन्स लावले होते, ते आम्ही परत काढले. यादीतून माणूस काढताना मागची सगळी माणसे एक-एक जागा पुढे सरकवण्याऐवजी शेवटचा माणूस त्या जागी आणणे हीसुद्धा एक नोंद हलवणेच आहे, पण ती एकच आहे आणि गर्दीत क्रमाला अर्थ नसतो. क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनाच्या कार्यक्षमतेसंबंधी तपासण्या लूपमधील आणि पॅरामीटरमधील अनावश्यक प्रती बऱ्यापैकी दाखवतात. ज्यांना कंटेनर बदलणे शक्य नाही त्यांनी निदान त्या चालू कराव्यात.

चित्रणाच्या थ्रेडसाठी आता गर्दीची प्रत निघत नाही. त्याला जागा, दिशा आणि अ‍ॅनिमेशनची स्थिती एवढेच हवे असते, माणसामागे २० बाइट. ते आम्ही पाऊल ठरवतानाच एका वेगळ्या अ‍ॅरेत लिहितो. असे दोन अ‍ॅरे आहेत आणि फ्रेमच्या शेवटी दोघांची अदलाबदल होते, म्हणजे फक्त दोन पॉइंटर बदलतात. आज आमच्या संपूर्ण इंजिनमध्ये क्लोन हा शब्द पाच ठिकाणी लिहिलेला आहे. त्यांतला एक खेळ जतन करण्याच्या फंक्शनमध्ये आहे: फाइल लिहिणारा थ्रेड सावकाश चालतो आणि तेवढा वेळ मिरवणूक थांबवून ठेवणे योग्य नाही, म्हणून तिथे सहा हजार माणसांच्या ५,७६,००० बाइटची पूर्ण प्रत एकदा काढली जाते. त्या ओळीच्या वर भंडाऱ्याच्या त्या मुलाने मराठीत टिप्पणी लिहिली आहे, की ही प्रत मुद्दाम काढली आहे, ती का काढली आहे, आणि ती कोणी काढून टाकू नये.